येरळेकाठच्या रानात सापडलेल्या दगडी पात्या: खऱ्या कशा ओळखायच्या आणि त्या कशासाठी वापरत?

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. मी खटाव तालुक्यातला. चुलत्यांचं रान येरळेला लागून आहे. ओढा नदीला मिळतो तिथून थोडं वर एक उंचवटा आहे, घरात सगळे त्याला 'गारांचं वावर' म्हणतात. नांगरट होऊन वळीव पडून गेला की तिथं पांढऱ्या, मधाळ, तांबूस गारांच्या कपच्या उघड्या पडतात. मी हे लहानपणापासून बघतोय, पण कधी वाकून नीट पाहिलं नव्हतं.

यंदा पाहिलं. एक कपची उचलताना बोट असं कापलं की रक्त थांबेना. ती धुऊन बघितली तर लांबी ४१ मिलिमीटर, रुंदी १३, जाडी जेमतेम ४. दोन्ही कडा पट्टीनं आखल्यासारख्या समांतर. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला उभे दोन कंगोरे. मग वेड लागल्यासारखा तीन दिवस फिरलो आणि अशा-तशा मिळून २३ कपच्या जमवल्या. सगळ्या एका बरणीत ठेवल्यात. फोटो जोडलेत, शेजारी मापाची पट्टी आहे.

या माणसानं घडवलेल्या आहेत की ट्रॅक्टरच्या फाळानं फुटलेल्या? घडवलेल्या असतील तर एवढ्याशा तुकड्यानं माणूस काय करत असेल? आणि किती जुन्या?

माणदेशी_वाडा:
दादा, फोटो बघितले. आमच्या आज्ज्याकडं चकमकीचा बटवा होता. त्यात पोलादाची आकडी, सावरीचा कापूस आणि अशीच एक गार. चिलीम पेटवायची तर गारंवर आकडी घासायची, ठिणगी कापसात धरायची. मेंढ्यांचा वाडा जिथं बसायचा तिथं झिजलेली गार टाकून नवी फोडून घ्यायचे. माण, खटाव, आटपाडी, जत, सगळ्या माळानं असल्या गारा पडल्यात. त्यामुळं लगेच अश्मयुगात जाऊ नका. तुमच्या फोटोतली ७ आणि १५ नंबरची गार मला सरळ चकमकीची दिसतीय.

गारगोटी_कराड:
मी भूशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. आधी दगडाविषयी लिहितो, कारण ओळख तिथूनच सुरू होते.

आपला सगळा भाग बेसॉल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि मागाहून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत व भेगांत सिलिका साचली. कॅल्सेडनी, अकीक, जास्पर ही सगळी त्याच कुळातली. भोवतालचा बेसॉल्ट कुजून माती झाला, पण ही गार कुजत नाही, म्हणून ती रानात वर येते. रानात गार असणे यात नवल काहीच नाही.

बेसॉल्टच्याच पोकळ्यांत झिओलाइट नावाचे मऊ खनिजही पांढरे चमकते. घरच्या चाकूने ओरखडा काढून बघा. झिओलाइटवर उमटेल, कॅल्सेडनीवर उमटणार नाही, उलट कॅल्सेडनीच काचेवर ओरखडा काढेल. स्फटिकाचे मोठे कण असलेली गार वेडीवाकडी फुटते. कॅल्सेडनीचे कण इतके बारीक असतात की ती काचेसारखी फुटते, शिंपल्याच्या पाठीसारखी वळणे घेत. आदिमानवाने तीच निवडली यामागे हे कारण आहे. ज्याला आपला ठोका कुठवर जाईल हे आधी ठरवायचे आहे, त्याला असाच दगड लागतो.

पांढरीची_लेक:
मी सांगलीची. पुरातत्त्व शिकले आणि काही वर्षं नदीखोऱ्यांच्या सर्वेक्षणात पायपीट केली. तुमचे फोटो तीनदा पाहिले. जरा सविस्तर लिहिते.

४१ मिलिमीटरच्या तुकड्याची गुळगुळीत बाजू वर करा आणि उजेड आडवा पडेल अशी बॅटरी धरा. एका टोकाला बारीकसा सपाट भाग दिसेल, ठोका तिथं बसला. त्याच्या लगेच खाली बोट फिरवा, हलकासा फुगवटा लागेल. फुगवट्यापासून पुढं पाण्यात खडा टाकल्यासारख्या लहरी गेलेल्या दिसतील. सपाट टोक, फुगवटा आणि लहरी एकत्र दिसल्या की दगड एका जोरकस ठोक्यानं किंवा दाबानं सुटलाय. इथवर मात्र नांगराचा फाळही पोचू शकतो. फाळाच्या धडकेनंही कधी फुगवटा उमटतो. म्हणून नुसत्या फुगवट्यावर भाळायचं नाही.

पाठ बघा. तुम्ही म्हणता ते दोन उभे कंगोरे म्हणजे याच्या आधी त्याच गाभ्यावरून, त्याच दिशेनं निघालेल्या पात्यांच्या खुणा आहेत. म्हणजे कुणीतरी एकाच दगडावरून एकामागून एक सारखे तुकडे काढत होतं. फाळ एकदा आपटतो, तो ओळीनं काढत नाही. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त, कडा समांतर आणि पाठीवर समांतर कंगोरे असतील, तरच आम्ही त्याला पातं म्हणतो. रुंदी १२ मिलिमीटरच्या आत आली की लघुपातं. बाकी सगळं कपची.

आपल्याकडच्या लोकांना एका उदाहरणानं लगेच कळतं. ऊस कोयत्यानं सोलताना साल उभ्या पट्ट्यांनी निघते आणि हातात पैलू पडलेलं कांडं राहतं. पट्टी म्हणजे पातं, कांडं म्हणजे गाभा. पण पहिली पट्टी नीट निघायला आधी एक सरळ धार हवी. दगडावर ती नसते, म्हणून कारागीर गाभ्याच्या एका कडेला दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं बारीक कपच्या उडवून नागमोडी कंगोरा तयार करायचे. मग हाडाचं किंवा शिंगाचं टोक कडेला टेकवून ठोका किंवा दाब दिला की पहिलं पातं त्या कंगोऱ्याच्या वाटेनं सरळ उतरायचं. त्या पहिल्या पात्याचा छेद त्रिकोणी असतो आणि पाठीवर ती नागमोडी कड शिल्लक राहते. तुमच्या फोटोतला ११ नंबर मला तसा दिसतोय. तो तसाच असेल तर माझ्या लेखी ४१ मिलिमीटरच्या देखण्या पात्यापेक्षा त्याची किंमत जास्त आहे. कारण वापरायचं पातं माणूस खिशातल्या चाकूसारखं कुठंही घेऊन जातो. हे पहिलं कंगोऱ्याचं पातं बहुधा जिथं घडवलं तिथंच पडतं.

माणदेशी दादांनी चकमकीचं सांगितलं ते फार मोलाचं आहे आणि ७ व १५ बद्दल त्यांचं बरोबर वाटतं. चकमकीच्या गारेची कड पोलादाच्या घर्षणानं चुरडलेली, पायऱ्या-पायऱ्यांची आणि बोथट असते. कधी लोखंडाच्या काळसर-तांबूस रेघाही राहतात.

येरळाकाठ:
ताई, सर, मनापासून आभार. रात्री लाइट गेल्यावर बॅटरीनंच बसलो. २३ पैकी ९ तुकड्यांना सपाट टोक, फुगवटा आणि लहरी तिन्ही दिसतात. त्यातल्या ५ जणांच्या पाठीवर समांतर कंगोरे. ११ नंबरला नागमोडी कड आहे! २ झिओलाइट निघाले, चाकूचा ओरखडा उमटला. ७ आणि १५ ची कड दादा म्हणाले तशीच चुरडलेली आहे.

पण काही पात्यांच्या कडेला बारीक बारीक दाते आहेत. ते मुद्दाम केलेत का?

पांढरीची_लेक:
इथं मीही सुरुवातीला पुष्कळ फसले आहे. दाते एका बाजूनं, एकसारखे, एकमेकांना चिकटून ओळीनं असतील तर ते घडवलेले. एखादी कड मुद्दाम बोथट केलेली असते, ती बोट ठेवायला किंवा खोबणीत बसवायला. दाते कुठं आहेत कुठं नाहीत, वरून-खालून कसेही असतील, तर ते गुरांच्या खुरांनी नाहीतर रोटाव्हेटरनं पडलेले. रंगही बघा. जुन्या फुटीवर मातीत राहून मंदपणा आलेला असतो. ताजी फूट आतल्या रंगाची, लखलखीत असते.

आणि एक जरा रागानं लिहिते, माफ करा. ते सगळे तुकडे एका बरणीत आहेत ना? आज रात्रीच बाहेर काढा. एकमेकांवर घासून त्यांच्या कडांना नवे दाते पडतात, आणि उद्या सूक्ष्मदर्शकाखाली तेच वापराच्या खुणा म्हणून दिसतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या छोट्या पिशवीत, वर नंबर. तारेच्या ब्रशनं घासू नका.

उसाचं_वाढं:
मी वाळवा तालुक्यातला. वाचून फार आनंद झाला. चांदोलीला ताम्रपाषाण काळाचं, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्हींची अवजारं वापरायचा त्या काळाचं, उत्खनन झालंय ना? म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यात या पात्या आधीच नोंदल्यात की.

पांढरीची_लेक:
ती चांदोली वेगळी, दादा. उत्खननाची चांदोली पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी आहे. आपली वारणेवरची धरणाची चांदोली वेगळी. नावामुळं हा घोटाळा पुष्कळांचा होतो. त्याच घोड नदीवर इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ असं वर्षानुवर्षं खोदकाम केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. जव हे मुख्य पीक, जोडीला मसूर, वाटाणा, कुळीथ. त्यांच्याकडं तांबं होतं, पण तुटपुंजं. रोजचं कापणं, सोलणं, तासणं कॅल्सेडनीच्या पात्यांवर चालायचं.

किती जुन्या, हा मूळ प्रश्न राहिलाच होता. पात्यावरून एकट्यानं वय सांगता येत नाही. पाती काढायची कला उत्तर पुराश्मयुगापासून, म्हणजे जुन्या अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यापासून, ताम्रपाषाण काळापर्यंत हजारो वर्षं चालली. मध्याश्मयुगातल्या शिकाऱ्यांची अवजारं आणखी लहान असतात. चंद्रकोरी, त्रिकोण, समलंब असे नखाएवढे तुकडे, आणि त्यांच्यासोबत सहसा खापर मिळत नाही. कंगोरा पाडून काढलेली लांब पाती आणि जोडीला खापरं असतील तर ताम्रपाषाणाकडं कल जातो. त्या काळातलं जोर्वे पद्धतीचं खापर तांबडं, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, आणि टिचकी मारली की धातूसारखं खणखणतं. म्हणून त्या उंचवट्यावर परत जाल तेव्हा गारांइतकंच खापरांकडं बघा. माती राखट-पांढरी आहे का तेही बघा. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी गावठाणाच्या मातीला 'पांढर' आणि शेताच्या मातीला 'काळी' म्हटलंय ते उगीच नाही. माणूस पिढ्यान्पिढ्या राहिला की चुलीची राख, शेण, पडक्या भिंती मिसळून माती पांढरते.

उसाचं_वाढं:
वापराचं सांगा की कुणीतरी. चार सेंटिमीटरच्या काचेसारख्या तुकड्यानं पीक कसं कापणार? हातात धरायलाच येत नाही.

विळेवाला_तासगाव:
हे मी करून बघितलंय, म्हणून सांगतो. आमच्या घरी पूर्वी लोहारकाम होतं, हाताला सवय आहे. दोन वर्षांमागं असाच एक लेख वाचून डोक्यात किडा शिरला.

पहिल्यांदा गार फोडायला शिकलो. मांडीवर घोंगडीची घडी, डोळ्यांवर चष्मा, उघड्यावर बसायचं. चष्मा विसरू नका, कपची डोळ्याकडंच येते, आणि ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. पहिला महिना नुसता चुरा झाला. मग कळलं की जोर महत्त्वाचा नाही, कोन महत्त्वाचा. सपाट भाग आणि कड यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी असेल तरच कपची सुटते. खंभातचे अकीक कामगार जमिनीत टोकदार पहार रोवतात, दगड तिच्या टोकाला टेकवून धरतात आणि वरून शिंगाच्या हातोडीनं ठोका देतात. मी ती रीत धरली तेव्हा जरा बऱ्या कपच्या निघाल्या. लांब सरळ पातं म्हणाल तर मला आजवर तीनच साधलीत. ज्यांनी ही पाती ओळीनं काढली ते हात काय असतील, याचा विचार करून माझं मन भरून येतं.

आता वापर. पातं एकटं धरायचंच नसतं. बाभळीच्या वाकड्या फांदीला खोबण पाडली आणि पाच तुकडे एकापुढं एक बसवले, एकच सलग धार झाली. पहिल्यांदा बाभळीचा डिंक वापरला. सकाळी दहिवरात ज्वारी कापायला लागलो तर डिंक सुटला आणि पाती मातीत. दुसऱ्या खेपेला सोनार दागिन्यात भरतात तशी लाख घेतली, त्यात राख मिसळली. ती धरून राहिली. ज्वारीची कणसं खुडायला एकदम सोपं. जाड ताट एका फटक्यात तुटत नाही, ओढून कापावं लागतं. गवत मात्र आपल्या विळ्यासारखं कापतं. आणि एखादं पातं तुटलं तर फक्त तेवढंच बदलायचं, पुन्हा धार लावायची भानगडच नाही.

बोकड सोलायलाही वापरलं. हाडाला लागलं की कड लगेच चिरफळते, पण कातडं आणि मांस यांमधून असं सरकतं की नवीन ब्लेडही मागं पडेल.

गारगोटी_कराड:
तासगावकर, अभिनंदन. तुमच्या विळ्याच्या पात्यांवर चमक आली का? गवत आणि धान्याच्या ताटात सिलिका असते. बराच काळ कापणी केली की धारेवर एक तुळतुळीत, तेल लावल्यासारखी झिलई चढते. ती धुऊन जात नाही.

विळेवाला_तासगाव:
सर, दोन हंगाम मिळून असेल-नसेल तेवढं गवत कापलं. एका पात्यावर कडेला अगदी पुसट चमक दिसते, उन्हात तिरकं धरलं की.

पांढरीची_लेक:
हीच ती! येरळाकाठ, आता तुमच्या पाच पात्यांना हेच लावून बघा. कॅल्सेडनीला स्वतःची मेणचट चमक असते, ती सगळीकडं सारखी. विळ्याची झिलई फक्त एका कडेला असते आणि आत जाताना विरत जाते. पातं खोबणीत होतं तिथं ती एकदम थांबते. ती थांबण्याची रेघ तिरकी असेल तर पातं तिरपं बसवलं होतं, म्हणजे विळ्याला करवतीसारखे दाते होते. एका रेघेवरून लाकडी मूठ कशी होती ते कळतं. लाकूड कुजून तीन हजार वर्षं झाली तरी!

बाकी कामांच्या खुणा डोळ्यांना सहज दिसत नाहीत. रशियातल्या सेर्गेई सेम्योनोव्ह यांनी १९५७ साली या खुणांचं पुस्तक लिहिलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची वाट पाडली. पुढं लॉरेन्स कीली यांनी १९८० मध्ये जास्त वर्धनावर बघून लाकूड, हाड, कातडं, मांस यांची झिलई वेगवेगळी दिसते असं दाखवलं. कोरडं कातडं तासलं की कड गोल आणि मंद होते, हाडावर चालवलं की कड तुटून तुकड्या-तुकड्यानं चमकते. पण हे सांगणाऱ्यानं आधी स्वतः तशी पाती वापरून तुलनेसाठी नमुने तयार केलेले असावे लागतात. तासगावच्या दादांनी नकळत तेच केलंय. दादा, कुठलं पातं कशावर आणि किती वेळ चालवलं याची वही ठेवा.

संग्रह_सातारा:
माझ्याकडे नाणी आणि जुन्या दिव्यांचा संग्रह आहे. येरळाकाठ, त्यातली दोन चांगली पाती मला द्याल का? योग्य ती रक्कम देईन. काचेच्या पेटीत नीट जपेन, रानात तरी रोटाव्हेटरखालीच जाणार आहेत.

पांढरीची_लेक:
तुमची आवड खरी आहे यात शंका नाही, तरी विनंती आहे की असं मागू नका. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि परवान्याशिवाय तिच्या विक्रीचा धंदा करता येत नाही. पण माझं म्हणणं कायद्यापुरतं नाही.

१९७४ साली प्रवराकाठी दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उपटताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. रथ, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतात तशा दुसऱ्या नाहीत. तरीही त्यांच्या काळावर अभ्यासकांत वाद झाला, कारण त्या कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होत्या हे खोदणाऱ्या पुरातत्त्वज्ञाच्या डोळ्यांसमोर आलं नव्हतं. एवढ्या अजोड वस्तूंची ही गत, तर चार सेंटिमीटरच्या पात्याचं काय होईल? ते काचेच्या पेटीत गेलं की फक्त एक चकचकीत दगड उरतं. ते कुठं, कशाजवळ पडलं होतं, तेच त्याचं बोलणं आहे.

संग्रह_सातारा:
पटलं. मागणी मागे घेतो. माझ्या दिव्यांपैकी कुठला कुठून आला हे मीही कधी लिहून ठेवलं नाही, आज ते खटकलं.

येरळाकाठ:
चार दिवस गप्प होतो, कारण रानातच होतो.

ताई, तुमचं बरणीचं बोलणं जिव्हारी लागलं. २३ तुकड्यांपैकी फक्त ६ कुठं उचलले ते मला आठवतं. बाकीच्यांची जागा माझ्याच हातानं गेली. त्याचं वाईट वाटतंय आणि ते वाटत राहील.

या खेपेला काही उचललं नाही. उंचवट्यावर सुतळीनं पाच-पाच मीटरचे चौकोन आखले, प्रत्येक चौकोनातल्या गारा मोजल्या आणि जागच्या जागी फोटो घेतले. वरच्या अंगाला जवळजवळ काहीच नाही. ओढ्याकडच्या तीन चौकोनांत मात्र खच आहे. बहुतेक बारीक चुरा, थोडी तुटकी पाती, आणि एक गाभा! अंगठ्याएवढा. सगळीकडून उभे पैलू, अगदी सोललेल्या उसाचं कांडं. तो बघितल्यावर मी तिथंच खाली बसलो. तिथून शंभर पावलांवर माती राखट आहे आणि खापरं आहेत. जाड, तांबडी. दोन खापरांवर काळ्या रेघा दिसल्यासारख्या वाटल्या, टिचकी मारली तर एकाचा आवाज खणकन आला. तीही जागेवरच ठेवलीत, फक्त मोबाइलवर ठिकाणाची नोंद घेतली.

झिलईचं पण सांगतो. पाचपैकी एका पात्याच्या एकाच कडेला चमक आहे आणि ती तिरकी थांबते. आईला दाखवलं. तिनं पातं हातात घेतलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाली, डावखुऱ्याचं नसेल कशावरून. मला काही सुचलं नाही.

गारगोटी_कराड:
तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मूठ कुठल्या बाजूला होती आणि पाते ओढले की ढकलले हे ओरखड्यांच्या दिशेवरून तपासता येते. त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला आहे.

पांढरीची_लेक:
वाचताना हात थरथरले. चुऱ्याचा खच, गाभा आणि कंगोऱ्याचं पातं हे सगळं एकाच रानात, म्हणजे पाती तिथंच घडत होती असं म्हणायला आधार आहे. आता दोन कामं करा. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे विभागाला आणि डेक्कन कॉलेजला तुमच्या चौकोनांचा कागद, फोटो आणि ठिकाणाची नोंद पाठवा, पत्राची प्रत स्वतःकडं ठेवा. आणि इथं धाग्यात गट नंबर किंवा नकाशा टाकू नका, हौशी लोक पिशव्या घेऊन येतात.

माणदेशी_वाडा:
मी पहिल्यांदा शंका घेतली हुती, आता आनंद वाटतोय. दादा, तिथं वाडा कधी बसायचा का हे गावच्या मेंढक्यांना विचारून लिहून ठेवा. म्हंजे चकमकीच्या गारा कुठल्या आणि जुन्या कुठल्या हे वेगळं करता येईल.

येरळाकाठ:
विचारलं, दादा. वाडा उंचवट्याच्या वरच्या अंगाला बसायचा, आणि ७ व १५ नंबर तिथंच सापडल्याचं मला आठवतंय. ओढ्याकडं पाणी साचतं म्हणून तिकडं कुणी बसत नसे.

पत्रं आज टपालात टाकली. चुलते आधी कुरकुरले, सरकार रान घेईल म्हणून घाबरले होते. मग त्यांना गाभा दाखवायला नेलं. बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले, हात लावला नाही. ओढ्याकडच्या पट्ट्यात यंदा रोटर घालणार नाही म्हणालेत. शेळ्या तिथं चरायच्या, त्यांचे खूर लागू नयेत म्हणून दावणही आजच वरच्या बांधाला हलवली.